दोराची शिडी

नववीच्या वर्गात उर्दूच्या तासाला ‘कमंद’ हा शब्द आला, की आम्ही कपाट उघडून एक छोटी दोराची शिडी बाहेर काढतो. हातभर लांबीची, सहा पायऱ्यांची. मुलं ती हातात घेतात, एकमेकांच्या डोक्यावर धरतात, कोणीतरी ती खिडकीच्या गजाला टांगतो. थोडी गडबड होते. मग आम्ही सांगतो, की ही कमंद नव्हे. कमंद म्हणजे फास किंवा आकडा लावलेला दोर. तो किल्ल्याच्या तटावर फेकायचा, अडकला की त्याला धरून वर जायचं. शिडी त्याच्या नंतरची. आधी एकजण जिवावर उदार होऊन कमंदीने वर जातो, मग तो वरून शिडी सोडतो आणि बाकीचे सुखाने चढतात.

ही छोटी शिडी आमच्या अब्बांनी बनवली. आम्ही बी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. सराव पाठाला ‘शैक्षणिक साहित्य’ लागतं. बाकीचे छात्राध्यापक पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून आणत. आम्ही घरी नुसतं बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही शिडी चहाच्या कपाजवळ ठेवलेली होती. पाठ-निरीक्षक पाठापेक्षा शिडीवर जास्त खूश झाले. त्यांनी अब्बांचा धंदा विचारला. आम्ही म्हणालो, “सारंग होते, जहाजावर.”

रत्नागिरीत हे उत्तर दिलं, की पुढं कोणी काही विचारत नाही. राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला, खाडीपट्ट्यातली गावं, कुठंही जा. दर तिसऱ्या घरात कोणीतरी जहाजावर होता, आहे किंवा जाणार आहे. आमच्या मुसलमान वस्त्यांत तर पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. खलाशी, सुकाणी, तांडेल, सारंग. उर्दू शिकवायला लागल्यावर आम्हांला या शब्दांची नवीच मौज वाटू लागली. सारंग हा फारसीतला ‘सरहंग’, म्हणजे सरदार. सुकाणी ‘सुक्कान’वरून आला, तो अरबी. जहाजावर माल वर ओढायचा तर ‘हबेस’, खाली सोडायचा तर ‘आरिया’; यातला आरिया पोर्तुगीज. या खलाशी बोलीचा कोश थॉमस रोबक नावाच्या साहेबाने कलकत्त्याला १८११ साली छापला. आमचे अब्बा चौथी शिकलेले. पण त्यांच्या तोंडी चार मुलखांचे शब्द होते आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. आमच्या घराचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा गवंडीही लोखंडी सळ्या ओढताना “हबेस, हबेस” ओरडत. अब्बा ओटीवर बसून हसायचे. म्हणायचे, “जहाज सुटलं, बोली काय सुटत नाय.”

दोराच्या शिडीवर अब्बांचा फार जीव. आम्ही लहानपणी एकदा इतिहासाच्या पुस्तकातला सिंहगड त्यांना वाचून दाखवला होता. चौथीच्या उर्दू पुस्तकातही तो असतोच. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी मालुसरे, कोंढाण्याचा कडा. सगळी मुलं घोरपडीची गोष्ट ऐकून थक्क होतात. अब्बांनी घोरपड ऐकली आणि मान हलवली. “घोरपड माणसाचं वजन घेईल? कोणीतरी पोरगा चढला असणार आधी. हातापायांनी.” पुढं कॉलेजात असताना आम्हांला कळलं, की सभासदाच्या बखरीतही घोरपड नाही. तिथं निवडक मावळे कड्यावरून वानरासारखे चढतात आणि मग ‘माळ’ लावतात. दोराच्या शिडीला जुन्या मराठीत हा शब्द, माळ. आम्ही धावत येऊन अब्बांना सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. त्यांना फक्त एकच विचारायचं होतं, वर माळ कशाला बांधली होती?

गोष्टीत पुढं तानाजी पडतात, लोक पळू लागतात आणि सूर्याजी दोर कापून टाकतो. ‘परतीचे दोर कापले’ असं आपण मराठीत सहज म्हणतो, ते तिथलं. अब्बांना हा भाग मात्र पटायचा नाही. शूरपणा कबूल, पण चांगला दोर कापायचा म्हणजे त्यांच्या पोटात कालवायचं.

जहाजावर त्या शिडीचं मुख्य काम पायलटसाठी. विमानाचा नव्हे, बंदराचा पायलट. मोठं जहाज बंदरात शिरताना कप्तानाला तिथल्या पाण्याची, खडकांची, भरती-ओहोटीची माहिती नसते. म्हणून बंदराचा जाणकार माणूस छोट्या होडीतून येतो आणि चालत्या जहाजाच्या कुशीला लोंबणाऱ्या दोराच्या शिडीने वर चढतो. जयगडच्या बंदरात येणाऱ्या जहाजांवरही पायलट असाच चढतो. यंत्रं कितीही आली, तरी ही शिडी सुटलेली नाही. तिचे नियम जगभर एकच. पायऱ्या एकसंध कठीण लाकडाच्या, गाठ नसलेल्या. दोन पायऱ्यांतलं अंतर ३१ ते ३५ सेंटीमीटर आणि सगळीकडे सारखं. खालच्या चार पायऱ्या रबराच्या चालतात, कारण होडी आपटली तर लाकूड फुटतं. खालून पाचवी पायरी लांब, जवळजवळ सहा फुटी, आणि वर तशीच पुन्हा, म्हणजे शिडी पीळ खात नाही, माणसासकट उलटी फिरत नाही. प्रत्येक बाजूला दोन दोन दोर, मनिला दोराचे, आणि पायऱ्यांच्या पट्ट्यात त्यांना कुठं सांधा नाही. चढ नऊ मीटरच्या वर असेल, तर नुसती दोराची शिडी चालत नाही, जिन्याची जोड द्यावी लागते. एवढं सगळं असूनही पायलट पडतात. कधी होडी आणि जहाज यांच्यामध्ये सापडतात. अब्बांनी तसा एक पडलेला पाहिला होता. कुठल्या बंदरात ते त्यांनी सांगितलं नाही. “शिडी दुसऱ्याने बांधलेली असते,” एवढंच म्हणाले. “चढणारा माणूस फक्त बिस्मिल्ला म्हणतो.”

गोरे खलाशी या शिडीला ‘जेकबची शिडी’ म्हणत. जेकब म्हणजे आपले हजरत याकूब. तौरातमध्ये त्यांच्या स्वप्नात आभाळाला टेकलेली शिडी येते, त्यावरून हे नाव. आम्ही अब्बांना सांगितलं होतं, की ‘मेराज’ या शब्दाचाही मूळ अर्थ वर चढण्याचं साधन, शिडी, असाच आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बघ. आणि लोक आम्हांला खलाशी म्हणतात.”

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं, ते सांगतो.

आमची आपा चिपळूणला दिली. घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, खाली दुकान, वर राहायला, कौलारू. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली ते सगळ्यांना आठवतं. त्याच पावसात चिपळूणही बुडालं, ते चिपळूणकरांना आठवतं. आपाच्या दुकानात पाणी छातीपर्यंत आलं. माणसं वर होती, वाचली. आम्ही तेव्हा बारावी झालेले. अब्बांबरोबर चिखल काढायला गेलो. अब्बांनी चिखल काढता काढता भिंतीवरची पाण्याची रेघ पाहिली, जिना पाहिला, वरची गॅलरी पाहिली, पलीकडच्या सिमेंटच्या इमारतीची गच्ची पाहिली. बोलले काही नाहीत.

रत्नागिरीला परत आल्यावर त्यांनी मुंबईहून मनिला दोर मागवला. मिरकरवाड्याच्या दुकानांत मच्छीमारांचा नायलॉन ढीगभर. पण तो हातातून निसटतो म्हणून त्यांना नको होता. मनिला हा फिलिपिन्सच्या एका झाडाचा तंतू, आपल्या केळीच्या कुळातला. सागवानी फळ्या त्यांनी सुताराकडून घेतल्या, घासल्या स्वतः. रंग दिला नाही. रंग दिला की तडा दिसत नाही. ओटीच्या वाशाला दोर टांगून महिनाभर ते काम करत होते. वीस फुटी, अठरा पायऱ्यांची शिडी झाली. आम्ही त्यांच्या हाताखाली होतो. पायरी दोरात बसवताना वर-खाली सुतळी आवळायची असते, ती आम्ही धरत होतो. दोर वरून बघायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच शिकवलं. दोर तीन पेडांचा असतो. पीळ दोन्ही हातांनी उलटा फिरवायचा, पेड मोकळे करायचे आणि आत बघायचं. आत पिवळा, चिवट तंतू दिसला तर ठीक. काळपट दिसला, भुसा पडला, तर बाहेरून तो नवरीसारखा असला तरी टाकून द्यायचा.

शिडी घेऊन आम्ही बापलेक एसटीने चिपळूणला गेलो. आपाची सासू पोट धरून हसली. “रत्नागिरीहून लोक हापूस घेऊन येतात, तुम्ही काय आणलंत हो?” अब्बाही हसले. आपाला मात्र रडू आलं. शिडी माळ्यावर गेली.

निघताना अब्बांनी आम्हांला सांगितलं, “दर साली ईदला येशील ना इकडं? आल्यावर माळ्यावर चढ, उन्हात टाक, पेड उकलून बघ. मी असेन नसेन.” आम्ही हो म्हटलं.

२०१२ साली अब्बा गेले. त्यानंतर आम्ही दर ईदला चिपळूणला जात राहिलो. शीरखुर्मा खाल्ला, भाच्यांना ईदी दिली, आपाशी घरच्या गोष्टी केल्या. माळ्यावर चढलो नाही. पहिल्या वर्षी कपडे नवे होते. दुसऱ्या वर्षी घाई होती. तिसऱ्या वर्षी आठवणही झाली नाही. आपा दरवर्षी विचारायची, “शिडी बघितलीस?” आणि आम्ही ‘हो’ म्हणायचो. खोटं बोलतोय असं त्या वेळी वाटायचंही नाही. इतकं छोटं होतं ते.

२१ जुलै २०२१ ला बकरीद होती. करोनाचे निर्बंध होते, आम्ही गेलो नव्हतो. त्या रात्री पाऊस काय पडला, ते सांगून कळणार नाही. २२ तारखेला पहाटे आपाचा फोन आला. वाशिष्ठीचं पाणी दुकानात भरलं होतं आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून जात होत्या. २००५ ची रेघ केव्हाच गेली, म्हणाली. वर कौलं, गच्ची नाही. पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर शेजारी गेले होते, ते हाका मारत होते, पण मधल्या बोळातून पाण्याचा लोंढा धावत होता.

आम्ही म्हणालो, “माळ्यावर शिडी आहे.”

ती थांबली. मग म्हणाली, “दोर चांगला आहे ना रे? तू बघितलास ना?”

आम्ही म्हणालो, “हो आपा. चांगला आहे.”

त्यानंतर फोन लागला नाही. दुसरा दिवस उजाडून संध्याकाळ होईपर्यंत लागला नाही. त्या छत्तीस तासांबद्दल आम्ही इथं काही लिहीत नाही. मुसल्ल्यावर बसलो होतो, पण काय मागायचं तेच सुचत नव्हतं. कारण दोराचं काय झालं असेल, ते आमच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि आम्हांलाही माहीत नव्हतं.

काय झालं ते नंतर कळलं. मोठ्या भाच्याने शिडीच्या वरच्या दोराला दगडी वरवंटा बांधून तो गच्चीवर फेकला. दोन वेळा पाण्यात पडला, तिसऱ्यांदा गच्चीवर गेला. अजाणता त्याने कमंदच टाकली होती. शेजारच्या भाऊंनी आणि त्यांच्या मुलांनी दोर ओढून घेतला, खांबाला बांधला, शिडी गॅलरीसमोर लोंबू लागली. पहिली आपाची सासू गेली, सत्तरी पार केलेली, हसणारी. ती एक अक्षर न बोलता चढली. मग धाकटे दोघे. मग दुल्हाभाई. मग आपा. सातव्या पायरीवर डाव्या बाजूचे दोन्ही दोर तुटले. शिडी उलटी फिरली, आपा भिंतीवर आपटली आणि उजव्या दोराला एका हाताने लोंबत राहिली. भाचा खाली गॅलरीत होता, त्याने तिचे पाय धरले. वरच्यांनी साडी सोडली, ती तिच्या काखेतून घेतली आणि ओढून घेतलं. भाचा मग उरलेल्या एका बाजूच्या दोराने वर गेला, वानरासारखा. तासाभराने गॅलरी पाण्याखाली गेली.

आपाचा डावा खांदा निखळला होता आणि हाड मोडलं होतं. दवाखान्यात जायला दोन दिवस लागले, गावातले दवाखानेच पाण्यात होते. आज तिचा तो हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरताना मुलगी मदत करते.

२४ तारखेला आम्ही पाण्याचे कॅन आणि चादरी घेऊन पोचलो. शाळांची पोरं, मशिदींतली माणसं, देवळांतली माणसं, कुठून कुठून आलेली माणसं चिखल काढत होती. आम्ही आधी गच्चीवर गेलो. शिडी तशीच लोंबत होती, एका अंगावर. तुटलेलं टोक हातात घेतलं आणि पीळ उलटा फिरवला. आत भुसा होता, काळा. ज्या घडीवर कौलातून थेंब पडत होते, तिथंच तेवढा हातभर दोर कुजला होता. बाकीचा पिवळा, चिवट, अब्बांनी दिला तसा. एक कौल फुटलेलं. माळ्यावर एकदा चढलो असतो, तर मान वर करताच दिसलं असतं. शिवाय जहाजांवर अशी शिडी दोन-तीन वर्षांत बाद करण्याची शिस्त आहे. ही सोळा वर्षांची होती.

आपाला ते आम्ही महिन्याभराने सांगितलं. एवढं धाडस यायला महिना लागला. तिचा हात गळ्यात होता. आम्ही म्हणालो, “मी कधीच बघितली नव्हती. एकाही ईदला. फोनवर खोटं बोललो.”

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “तू नाय म्हणाला असतास, तर आम्ही चढलोच नसतो. आणि मग गॅलरी गेली असती.”

आम्हांला वाटलं, माफ केलं. तेवढ्यात ती पुढं म्हणाली, “पण तू ते त्याच्यासाठी बोलला नव्हतास.”

यावर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. आमच्या खोट्याने सहा माणसं चढली, आणि आमच्याच आळसाने त्यांतलं एक पडलं. दोन्ही खरं आहे. बी.एड.ला मूल्यशिक्षणाचा एक पेपर असतो, त्यात असले प्रश्न येत नाहीत.

नंतर आम्ही स्वतः नवी शिडी केली. अब्बांसारखी सुबक झाली नाही. पायऱ्यांतलं अंतर दोन ठिकाणी चुकलं, ते सुटं करून पुन्हा बांधलं. वाशाला टांगून आधी आम्ही चढलो, मग पाठीवर पन्नास किलो तांदळाचं पोतं बांधून चढलो. बायको म्हणाली, शेजारी बघतायत. बघू देत.

आता ती शिडी चिपळूणला माळ्यावर नाही, गॅलरीच्या भिंतीला खुंटीवर आहे, डोळ्यांसमोर. दोन्ही ईदांना आम्ही जातो. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, की चहाच्या आधी शिडी गच्चीवर उन्हात पसरतो आणि एकेक हातावर पीळ उकलून आत बघत जातो. भाचा शेजारी बसतो. त्याला शिकवलं आहे. पण दोघांनी बघायचं, असं ठरलं आहे. एकाने ‘हो’ म्हटलेलं चालत नाही. मागच्या ईदला सासू खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. “मास्तर,” ती म्हणाली, “तिकडचा कोपरा राहिला.”

राहिला होता. आम्ही उठून तो पाहिला.

वर्गात छोटी शिडी परत कपाटात ठेवताना एखादा मुलगा विचारतोच, “सर, ही खरंच माणसाचं वजन घेईल का?” आमच्या वर्गातली काही मुलं दहावीनंतर जहाजावर जाणार आहेत, आम्हांला माहीत आहे. त्यांना आम्ही ‘हो’ म्हणत नाही. शिडी त्याच्या हातात देतो आणि दोराचा पीळ उलटा कसा फिरवायचा ते दाखवतो. तास संपायला आला असला, तरी.